विहिरीचा कठडा



संक्रांतीनंतरच्या आठवड्यात एक पत्र आले. चार पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, आणि खाली नाव नाही. "तुमच्याच वाचकांपैकी एक" एवढेच. अशी निनावी पत्रे मी बहुधा बाजूला ठेवते. हे मात्र दोनदा वाचले आणि आजचे सदर त्यालाच द्यायचे ठरवले.

पत्र लिहिणाऱ्या बाईंचे पाच-सहा एकर रान आहे, दारात दोन म्हशी आहेत. थोरला मुलगा शहरात विद्यापीठाच्या वसतिगृहात राहून शिकतो. दुसऱ्या वर्षाला आहे. म्हशींच्या दुधाच्या पैशातून त्याची खाणावळ भागते. संक्रांतीला तो दोन दिवस घरी आला. आईने धुण्यासाठी त्याची बॅग उपसली, तर शर्टाच्या घडीतून निरोधचे पाकीट खाली पडले. सोबत एक छापील कागद होता. १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, कॉलेजात जो कार्यक्रम झाला त्यात ते पाकीट सर्वांना फुकट वाटले होते.

बाई लिहितात, "ताई, कॉलेजच पोरांना असले फुकट वाटत असेल तर आम्ही त्याला शिकायला पाठवले की बिघडायला? ते पाकीट मी डाळीच्या डब्यात लपवले आहे. मालकांना सांगितलेले नाही. पोराला कळले असावे, कारण जाताना तो माझ्याकडे न बघता गेला. आठ दिवस झाले, त्याचा फोन नाही. त्याला परत बोलावून घेऊ का? शेतीत काय कमी काम आहे?"

हा प्रश्न त्या एका माउलीचा नाही. आज आपल्या कितीतरी घरांतून मुलगा किंवा मुलगी शिकायला बाहेर गेली आहे. म्हणून आज आडपडदा न ठेवता बोलू. ज्यांना संकोच वाटेल त्यांनी हे पान एकट्याने वाचावे, पण वाचावे.

पहिली गोष्ट अशी की ही वस्तू आपल्या खेड्यांना नवीन नाही. १९६८ साली केंद्र सरकारने 'निरोध' बाजारात आणला. एक नग पाच पैशांना आणि तीन नगांचे पाकीट पंधरा पैशांना. चहा, साबण आणि बॅटरीचे सेल गावोगाव पोचवणाऱ्या मोठ्या कंपन्यांवरच सरकारने त्याच्या विक्रीचे काम सोपवले, आणि किराणा दुकानाच्या फळीवर चहापत्तीच्या शेजारी निरोध येऊन बसला. सरकारी दवाखान्यात तर तो फुकटच मिळे. भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण रंगवलेला असे. ज्यांनी आज साठी ओलांडली आहे त्यांना त्याचे फुगे करून गल्लीतून पळणारी पोरे आठवतील, आणि ते फुगे पाहून पदराआड हसणाऱ्या आयाबायाही आठवतील.

तेव्हा वस्तू जुनीच आहे. फरक एवढाच की त्या काळी ती नवराबायकोसाठी म्हणून दिली जाई, आणि आज ती लग्न न झालेल्या विद्यार्थ्याच्या हाती पडते. खरा काटा इथेच रुततो. तो काढायचा तर या गोष्टीची मागची हकिगत थोडी पाहावी लागेल.

ती हकिगत आपल्याच मातीतली आहे. मुलींच्या शिक्षणासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्या महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव. गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या विषयावर उघड बोलतात म्हणून १९२५ मध्ये त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. मग १९२७ पासून १९५३ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक चालवले. अश्लीलतेचे खटले अंगावर आले. १९३४ मधल्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. त्यांची सगळीच मते आपल्याला पटतील असे नाही. पण शरीराची माहिती दडवून ठेवल्याने कोणाचे शील राखले जात नाही, रोग आणि नकोसे बाळंतपण मात्र पदरी पडते, एवढे तो माणूस शंभर वर्षांपूर्वी सांगत होता. त्याबद्दल त्याची नोकरी गेली, आणि आपण अजून डाळीचा डबा शोधतो आहोत.

आता कॉलेजांनी हे काम का हाती घेतले ते पाहू. १९८६ साली मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, आपल्या देशातले पहिले एचआयव्हीबाधित रक्तनमुने सापडले. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या वैद्यकीय विद्यार्थिनीने ते नमुने गोळा केले होते. लाजेने विषय टाळला असता तर रोग आणखी काही वर्षे अंधारातच पसरला असता. ही लाज बाजूला ठेवणारीही एक विद्यार्थिनीच होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे १९९१ मध्ये राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत विद्यापीठांतून एड्सबद्दल बोलण्याची मोहीम सुरू झाली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. नंतर कॉलेजाकॉलेजांत रेड रिबन क्लब निघाले. बाईंच्या मुलाला मिळालेले पाकीट या सगळ्या वाटेने त्याच्यापर्यंत आले आहे. कोणा एका प्राध्यापकाच्या डोक्यातून निघालेले ते खूळ नाही.

२००४ पासून एचआयव्हीवरची औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. आज नियमित गोळ्या घेणारा रुग्ण कामधंदा करतो, संसार करतो. पण गोळ्या जन्मभराच्या असतात. विशीतल्या मुलाला हे ओझे का द्यावे, जर तीन नगांचे एक पाकीट ते टाळू शकत असेल?

"पण ताई, वाटल्यामुळेच पोरे त्या वाटेला लागत नाहीत का?" हा प्रश्न तुमच्या ओठावर असणार. तो रास्त आहे, आणि दुसऱ्यांनीही तो विचारला आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या सरकारी माध्यमिक शाळांतून १९९१ पासून मागेल त्या विद्यार्थ्याला निरोध फुकट मिळू लागले. तिथेही आईबाप असेच खवळले. मग संशोधकांनी न्यूयॉर्कची मुले आणि अशी सोय नसलेल्या शिकागो शहराची मुले यांची तुलना केली. १९९७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कमध्ये शरीरसंबंध ठेवणाऱ्या मुलांचे प्रमाण शिकागोपेक्षा जास्त निघाले नाही. जी मुले आधीच त्या वाटेवर होती त्यांच्यात निरोध वापरणारी मात्र न्यूयॉर्कमध्ये अधिक निघाली. ती तर शाळेची मुले होती. विद्यापीठातली आपली मुले त्यांच्यापेक्षा मोठी आहेत.

आपल्या रानातलेच उदाहरण घ्या ना. उघड्या विहिरीला आपण कठडा बांधतो. कठडा बांधला म्हणून कोणी पोर विहिरीत उडी मारायला धावल्याचे मी ऐकलेले नाही. कठडा नव्हता म्हणून गेलेली गुरे आणि पोरे मात्र प्रत्येक गावाला ठाऊक आहेत. पण एवढ्यावर आईबापाचे काम संपत नाही. कठडा बांधला तरी पोराला विहिरीची खोली सांगावीच लागते. नुसते पाकीट हातात देऊन कॉलेज गप्प बसले आणि ते डब्यात लपवून आई गप्प बसली, तर खोली सांगायची कोणी?

फुकट दिले म्हणजे काम झाले, असे नसतेच. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीचा फैलाव फार मोठा. तिथले सरकार दरवर्षी कोट्यवधी निरोध फुकट वाटते. 'चॉइस' या नावाचे ते साधे निरोध विद्यार्थी घेईनात. वास येतो, आवाज होतो, अशी त्यांची तक्रार होती. शेवटी २०१६ मध्ये सरकारने रंगीत पाकिटांतले, सुगंधी असे 'मॅक्स' नावाचे नवे निरोध आणले. फ्रान्सने तर १ जानेवारी २०२३ पासून २५ वर्षांपर्यंतच्या तरुणांना औषधाच्या दुकानातच ते मोफत केले. या देशांना कळले ते एवढेच की देणाऱ्याने घेणाऱ्याच्या मनाचा विचार करावा लागतो.

आपल्याकडे अडचण वासाची कमी आणि लाजेची जास्त. मुलगा औषधाच्या दुकानात जातो, दुकानात दुसरे गिऱ्हाईक दिसले की डोकेदुखीची गोळी घेऊन परत येतो. गावच्या आरोग्य केंद्रात निरोध फुकट असतात, पण तिथल्या सिस्टर आईच्या ओळखीच्या! त्यात "फुकटचे म्हणजे हलके" हा समज. तो समज खोटा आहे. १९६६ मध्ये सरकारने हिंदुस्तान लॅटेक्स ही कंपनी काढली आणि १९६९ पासून तिरुअनंतपुरमच्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले. त्याच कंपनीत निरोधही तयार होतो आणि दुकानातले महागडे छापही. कारखान्यात नगाला भोक नाही ना, हे विजेच्या यंत्रावर तपासले जाते. किंमत कमी म्हणून तपासणी कमी, असे नाही.

मग खोट कुठे राहते? वापरात. आकडा लक्षात ठेवा. वर्षभर प्रत्येक वेळी बिनचूक निरोध वापरला तर शंभर स्त्रियांपैकी सुमारे दोघींना दिवस जातात. लोक प्रत्यक्षात जसे वापरतात, कधी विसरून, कधी उशिरा, तसे पाहिले तर तेराजणींना. दोन आणि तेरा यांच्यातला फरक रबरातला नाही, तो न शिकवल्याचा आहे. म्हणून जे कोणी सांगत नाही ते इथे सांगते.

पाकिटावरची मुदतीची तारीख पाहावी. मुदत उलटली असेल तर टाकून द्यावे. निरोध उन्हात, पत्र्याखालच्या ट्रंकेत किंवा पॅंटच्या मागच्या खिशात महिनोन्‌महिने ठेवू नये. उष्णतेने आणि घासण्याने रबर कुजते. पाकीट दाताने किंवा ब्लेडने फोडू नये. संबंधाच्या आधीच, पहिल्यापासून, तो चढवावा, मध्येच नव्हे. टोकाला चिमटीत धरून हवा काढावी. खोबरेल तेल, व्हॅसलीन, तूप यांतले काहीही लावू नये, तेलाने रबर फाटते. दुप्पट राखण म्हणून दोन एकावर एक घालू नयेत, घासून दोन्ही फाटतात. एक नग एकदाच वापरायचा. वापरलेला कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावा, संडासात किंवा बांधावर नव्हे.

आणि फाटलाच तर? रडत बसू नये, घड्याळ पाहावे. दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते, जितकी लवकर तितकी अधिक उपयोगी. ती औषधाच्या दुकानात मिळते. ती रोजची गोळी नव्हे, आणि गर्भ राहिल्यावर तिचा उपयोग नाही. एचआयव्हीची शंका असेल तर त्याही औषधांची मुदत ७२ तासांचीच. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात ताबडतोब जावे. १०९७ या क्रमांकावर फोन केला तर पैसे पडत नाहीत आणि नाव न सांगता विचारता येते. कातडीला कातडी लागून पसरणाऱ्या काही रोगांपासून निरोध पुरते रक्षण करीत नाही, तेही ठाऊक असावे.

इथवर मुलाचे झाले. आता मुलीकडे वळू. बाईंच्या पत्रात धाकट्या मुलीचा उल्लेख एकाच ओळीत आहे: "तिला पुढच्या वर्षी पाठवायची होती, आता धीर होत नाही." पाकीट सापडले भावाच्या बॅगेत आणि शाळा सुटणार बहिणीची. हा कोणता न्याय? शहरात चूक झाली तर मुलगा कपडे झटकून उठतो आणि दिवस मोजत बसावे लागते ते मुलीला. तेव्हा ही माहिती तिला भावापेक्षा जास्त लागते. शिवाय तिला हेही सांगावे लागते की तुझ्या मनात नसेल तर 'नाही' म्हण, आणि समोरचा निरोध वापरायला तयार नसेल तर तेवढ्यावरूनही 'नाही' म्हण. मुलाला सांगावे लागते की तिचे 'नाही' म्हणजे 'नाही'च. मुलगी अठरा वर्षांची झालेली नसेल, तर तिची संमती कायदा मानत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तो गंभीर गुन्हा आहे. पहिल्या वर्षाला आलेली कितीतरी मुले-मुली सतराच वर्षांची असतात, हे विसरू नका.

आणखी एक, जे सांगताना माझाही हात अडखळतो. दिवस राहिलेच तर पोरी भीतीपोटी भोंदू वैदूकडे, नाहीतर कोणाकडून तरी गोळ्या आणून जिवाशी खेळतात. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ सालचा. २०२१ च्या सुधारणेनंतर निरोध किंवा दुसरे साधन निकामी ठरल्याचे कारण अविवाहित स्त्रीलाही लागू झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही असे स्पष्ट केले. अठरा वर्षे पुरी झालेल्या मुलीला फक्त स्वतःची संमती लागते, आणि तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. हे मी कोणाला मोकळीक म्हणून सांगत नाही. आपली लेक घाबरून मरणाच्या दारात जाऊ नये म्हणून सांगते.

आपल्या राज्यात २००७ साली शाळांतून किशोरवयाचे शिक्षण देण्याला मोठा विरोध झाला आणि ते थांबवले गेले. मुले बिघडतील ही तेव्हाही भीती. शाळेने दार लावले, घराने दार लावले. मग मुलांनी विचारायचे कोणाला? ती मोबाईलला विचारतात, आणि तिथे काय दाखवतात ते तुम्ही-आम्ही जाणतो. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. इथे तर तहानलेल्याला आपण स्वतःच गटार दाखवतो आहोत.

आता त्या माउलीसाठी दोन शब्द, आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी.

बाई, मुलाला परत बोलावू नका. त्याच्या बॅगेत पाकीट होते. त्याने ते वापरले, की वापरायचे ठरवले, की वाटले तसे घेऊन शर्टात ठेवले, हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. पाकीट फोडलेले नव्हते, असे तुम्हीच लिहिले आहे. आणि समजा त्याने वापरण्यासाठीच ठेवले असेल, तर तुमच्या मुलाला दुसऱ्याच्या लेकीची आणि स्वतःच्या जिवाची काळजी आहे, असाही त्याचा अर्थ होतो. लग्नाआधी हे नको, असे तुम्हाला वाटत असेल तर तसे त्याला स्वच्छ सांगा. तो तुमचा हक्क आहे. पण सांगितल्यावर पुढचेही सांगा: "माझे ऐकलेस तर मला बरे वाटेल. नाही ऐकलेस, तर निदान आंधळेपणाने वागू नकोस. आणि काही झाले तर आधी घरी ये." शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. वसतिगृहातली जी मुले पंख्याला दोर बांधतात, त्यांना कोणीतरी हे वाक्य आधी सांगायला हवे होते.

मालकांनाही विश्वासात घ्या. बापाने मुलाशी बोलावे, हे अधिक चांगले. गोठ्यात धारा काढताना, बांधावर बसून भाकरी खाताना, तोंडाकडे न बघता बोलता येते. अशा गोष्टी समोरासमोर खुर्च्या टाकून होत नाहीत. आणि धाकटीला पुढच्या वर्षी जरूर पाठवा. पाठवण्याआधी एक संध्याकाळ तिच्याजवळ बसा. शेवेचे लाडू डब्यात भरून देतो, तशी ही शिदोरीही द्यायची असते.

डाळीच्या डब्यातले ते पाकीट काढा. कोरड्या, गार जागी ठेवा, आणि तो पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याच्या वस्तूंबरोबर त्याला परत द्या. "हे तुझे राहिले होते" एवढेच म्हणा. त्या एका वाक्याने त्याला कळेल की आईने पाहिले, आणि तरी आई आईच राहिली.

फोन करवत नसेल तर चिठ्ठी लिहा. तुमची चार पाने मी वाचली, तुम्हाला लिहिता येते. मला लिहिलेल्या पत्राखाली नाव घातले नाहीत, हरकत नाही. त्याला लिहाल त्या चिठ्ठीखाली मात्र 'तुझी आई' असे स्वच्छ अक्षरात लिहा.